विश्वास कोणाचा, जोखीम कोणाची?
युद्धक्षेत्रात मध्यस्थांमार्फत पोहोचणाऱ्या रोख मदतीचा प्रश्न

नवी दिल्ली : सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ रोजी लष्कर आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. काही दिवसांतच राजधानी खार्तुममधील बँकांच्या शाखा बंद पडल्या, बाजारपेठा लुटल्या गेल्या आणि परदेशी मदत संस्थांचे बहुतेक कर्मचारी देशाबाहेर पडले. पुढे धान्याची गोदामेही लुटीतून सुटली नाहीत. अशा स्थितीत उपाशी माणसापर्यंत मदत पोहोचवण्याचा एकच मार्ग अनेक ठिकाणी शिल्लक राहिला. ज्या माणसावर विश्वास आहे, त्याच्याकडे पैसे पाठवायचे आणि त्याने ते गरजूंना द्यायचे.

हा मार्ग सुदानपुरता नाही. सोमालिया, अफगाणिस्तान, सीरिया आणि गाझा पट्टीतही गेल्या दीड दशकात त्याचा आधार घेतला गेला. जगभरातील एकूण मानवतावादी मदतीपैकी सुमारे एक-पंचमांश मदत आज रोख रकमेच्या किंवा कुपनांच्या रूपात दिली जाते. धान्याच्या पोत्यांपेक्षा रोख रक्कम पाठवणे सोपे आणि स्वस्त असते. कुटुंबाला औषध हवे की पीठ, हे ते कुटुंबच ठरवते आणि स्थानिक दुकानदारही तग धरून राहतो. मात्र ही रक्कम ज्याच्या हातून जाते, त्या मध्यस्थाभोवती काही गंभीर जोखमी एकवटतात. ‘विश्वासू मध्यस्थ’ या शब्दांत त्या बहुधा झाकल्या जातात. मुळात हा विश्वास कोणाचा कोणावर असतो, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्यांचा उलगडा होत नाही.

हुंडीची ओळखीची वाट

मध्यस्थांमध्ये सर्वांत जुना आणि मोठा घटक हवाला व्यावसायिकांचा आहे. त्यांच्या व्यवहारात नोटा प्रत्यक्ष सीमा ओलांडत नाहीत. संस्था नैरोबी, दुबई किंवा लंडन येथील पेढीत रक्कम जमा करते. पेढी युद्धग्रस्त गावातील आपल्या अडत्याला निरोप देते आणि तो स्वतःजवळच्या रोकडीतून लाभार्थ्याला पैसे देतो. दोन्ही पेढ्यांमधील हिशेब पुढे आयात-निर्यातीच्या व्यवहारातून किंवा उलट दिशेने येणाऱ्या रकमेतून चुकता होतो. पेशवाईतील सावकारी पेढ्या आणि त्यांच्या हुंड्या ज्यांना इतिहासातून ठाऊक आहेत, त्यांना ही पद्धत अपरिचित वाटणार नाही. कागदापेक्षा पेढीची पत मोठी, हेच तिचेही सूत्र आहे.

भारतात परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार हवाला बेकायदा आहे आणि हा शब्द काळ्या पैशाशी जोडला गेला आहे. सोमालियासारख्या देशात चित्र वेगळे आहे. १९९१ मध्ये तेथील केंद्रीय सत्ता कोसळली आणि तिच्याबरोबर बँकाही बुडाल्या. त्यानंतर परदेशस्थ सोमालींनी घरी पाठवलेला पैसा हवाला कंपन्यांनीच गावोगावी पोहोचवला. या कंपन्या विविध देशांत नोंदणी करून उघडपणे व्यवसाय करतात आणि ग्राहकांच्या नोंदीही ठेवतात. त्यामुळे दुष्काळ आला, तेव्हा मदत संस्थांनी त्यांचाच दरवाजा ठोठावला.

दोन लाख ५८ हजार मृत्यू

२० जुलै २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांनी दक्षिण सोमालियाच्या दोन भागांत दुष्काळ जाहीर केला. त्या भागावर अल-शबाब या सशस्त्र संघटनेचा ताबा होता. जागतिक अन्न कार्यक्रमाने जानेवारी २०१० मध्येच दक्षिणेतील काम थांबवले होते आणि अल-शबाबने या संस्थेला आपल्या प्रदेशात बंदी घातली होती. पर्याय म्हणून काही स्वयंसेवी संस्थांनी हवाला कंपन्यांमार्फत रोख रक्कम वाटण्याचा निर्णय घेतला आणि दहा लाखांहून अधिक लोकांपर्यंत ती पोहोचली.

तरीही फार उशीर झाला होता. ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात सुमारे २ लाख ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. त्यांतील निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालील मुले होती. अल-शबाबच्या हाती पैसा पडेल, या भीतीने देणगीदार देश बराच काळ हात आखडून बसले होते. मदत वळवली जाण्याची जोखीम खरी होती. मदत न पाठवण्याची जोखीम त्याहून मोठी होती आणि तिची किंमत मोजणाऱ्यांपैकी कोणीही निर्णयाच्या टेबलाशी नव्हते. या विषयावरील प्रत्येक चर्चेत हा आकडा लक्षात ठेवावा लागतो.

मुकादमाचा वाटा

या अनुभवाची दुसरी बाजू २०२३ मध्ये पुढे आली. सोमालियातील विस्थापितांच्या छावण्या बहुधा खासगी जमिनीवर वसतात. जमीनमालक आणि छावणीतील लोक यांच्यामध्ये एक मुकादम असतो. कोणाला झोपडी बांधू द्यायची, मदत संस्थेला कोणाची नावे द्यायची आणि छावणीतील भांडणे कशी मिटवायची, हे तोच ठरवतो. संस्थांच्या लेखी तो स्थानिक परिस्थितीची जाण असलेला उपयुक्त माणूस असतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत चौकशी अहवालात आढळले की, मुकादम, जमीनमालक, स्थानिक अधिकारी आणि सुरक्षा दलांचे सदस्य विस्थापितांकडून मिळालेल्या रोख मदतीतील वाटा सक्तीने वसूल करतात. काही ठिकाणी हा वाटा निम्म्यापर्यंत जात होता. नकार देणाऱ्याला छावणीतून हाकलणे, यादीतून नाव वगळणे किंवा अटक करवणे, अशी शिक्षा होती. ज्या ५५ छावण्यांमधून माहिती गोळा करण्यात आली, त्या सर्वांत हा प्रकार दिसून आला. सप्टेंबर २०२३ मध्ये ही बाब उघड झाल्यावर युरोपीय संघाने जागतिक अन्न कार्यक्रमाच्या सोमालियातील कामासाठीचा निधी तात्पुरता थांबवला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. संस्थेच्या हिशेबात पै न् पै जुळत होती. रक्कम योग्य व्यक्तीच्या हाती पडली होती आणि पोचपावतीही मिळाली होती. चोरी त्यानंतर, झोपडीच्या दाराशी होत होती. मोबाइलद्वारे पैसे पाठवूनही ती थांबत नाही, कारण फोनवर पैसे कधी आणि किती आले, हे मुकादमालाही ठाऊक असते.

सोमाली समाजात विश्वास कुळाच्या नात्यातून वाहतो. विस्थापितांत मात्र दुर्बल कुळांचे आणि अल्पसंख्य समूहांचे लोक मोठ्या संख्येने असतात. त्यामुळे संस्थेचा ज्या मुकादमावर विश्वास असतो, त्याच्याविरुद्ध दाद मागण्याची ताकद त्या छावणीतील विधवेजवळ नसते. तिचा विश्वास आहे की नाही, हे कोणी विचारलेलेही नसते.

अफगाणिस्तानात हीच अडचण वेगळ्या रूपाने समोर आली. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने सत्ता हाती घेतल्यावर बँकांत रोकड उरली नाही आणि अनेक संस्थांनी काबूलच्या सराय शहजादा या चलनबाजारातील हवाला व्यावसायिकांकडे धाव घेतली. डिसेंबर २०२२ मध्ये स्वयंसेवी संस्थांत अफगाण महिलांना काम करण्यास मनाई करण्यात आली. ज्या घरात कर्ता पुरुष नाही, त्या घरातील स्त्रीपर्यंत पोहोचणारी कार्यकर्ती त्यामुळे साखळीतून गळू लागली. मध्यस्थ पुरुष प्रामाणिक असला, तरी तो कोणाच्या दारापर्यंत जाऊ शकतो आणि कोणाच्या नाही, याला मर्यादा पडतात.

स्वयंसेवकाच्या खात्यावरचे ओझे

सुदानमधील मध्यस्थ व्यापारी नाहीत. ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गल्लीबोळांतील मदत समित्यांचे ते तरुण स्वयंसेवक आहेत. २०१९ च्या क्रांतीतील मोहल्ला समित्यांच्या परंपरेतून त्या उभ्या राहिल्या. सामुदायिक स्वयंपाकघरे चालवणे, जखमींना हलवणे आणि पाण्याची सोय करणे ही त्यांची कामे. परदेशातून येणारा पैसा बहुतेक वेळा ‘बँक ऑफ खार्तुम’च्या मोबाइल ॲपद्वारे एखाद्या स्वयंसेवकाच्या वैयक्तिक खात्यात जमा होतो आणि तेथून दुकानदाराकडे जातो. या समित्यांना २०२५ मध्ये नॉर्वेचा राफ्तो पुरस्कार आणि ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला.

गौरवामागील वास्तव कठोर आहे. दोन्ही युद्धखोर पक्षांनी या स्वयंसेवकांना अटक केली, त्यांचा छळ केला आणि अनेकांचे प्राण गेले. एका पक्षाच्या चौकीवर दुसऱ्या पक्षाचा हस्तक ठरण्यास खात्यातील मोठी रक्कम किंवा परदेशी संस्थेचा संदेश पुरेसा असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातील दूरसंचार सेवा मोठ्या प्रमाणावर कोलमडली, तेव्हा ॲप ठप्प झाले आणि अनेक स्वयंपाकघरांतील चुली विझल्या. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवल्यावरही शेकडो स्वयंपाकघरे बंद पडली.

मदत व्यवस्थेच्या भाषेत याला ‘जोखमीचे हस्तांतरण’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय संस्थेला युद्धक्षेत्रात आपला कर्मचारी पाठवणे धोक्याचे वाटते, म्हणून ती स्थानिक भागीदार नेमते आणि भागीदार पुढे स्वयंसेवकाकडे काम सोपवतो. प्रत्येक पायरीवर जोखीम खाली सरकते. विमा, सुरक्षिततेचे प्रशिक्षण, संकटात बाहेर काढण्याची व्यवस्था आणि नियमित वेतन मात्र वरच्याच पायऱ्यांवर राहते. २०१६ मध्ये इस्तंबूल येथील जागतिक मानवतावादी परिषदेत २५ टक्के निधी शक्य तितक्या थेटपणे स्थानिक घटकांना देण्याचा संकल्प झाला होता. प्रत्यक्षातील प्रमाण त्याच्या जवळपासही पोहोचलेले नाही.

नोटेची किंमत

मध्यस्थ प्रामाणिक आणि सुरक्षित असला, तरी तिसरी जोखीम उरते. ती चलनाची आहे. युद्धात रोकड दुर्मीळ होते आणि ज्याच्याजवळ नोटा असतात, तो दर ठरवतो. गाझा पट्टीत ऑक्टोबर २०२३ नंतर नव्या नोटा जाणे थांबले आणि बँकांच्या शाखा व एटीएम उद्ध्वस्त झाले वा बंद पडले. मदतीची रक्कम खात्यात किंवा फोनवरील पाकिटात जमा होई. ती नोटांमध्ये बदलून देणारे दलाल २०२५ मध्ये ४० टक्क्यांच्या आसपास वटाव कापत असल्याची वृत्ते आली. म्हणजे शंभर शेकेलच्या मदतीतील साठच हाती पडत होते. उरलेल्या पैशाचा लाभ कोणाला झाला, हे कोणत्याही देणगीदाराच्या ताळेबंदात उमटत नाही.

सरकारमान्य बँकेचा मार्ग स्वच्छच असतो, असेही नाही. सीरियात बशर अल-असद यांच्या राजवटीत संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना अधिकृत दराने डॉलर बदलून घ्यावे लागत. खुल्या बाजारातील दर त्याहून कितीतरी जास्त होता. २०२० मध्ये प्रत्येक डॉलरमागे सुमारे ५१ सेंट या तफावतीत हरवले, असा अंदाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. हवाला व्यावसायिकाने एवढी कसर कापली असती, तर त्याला लुटारू म्हटले गेले असते.

कायद्याची कोंडी आणि भारताची भूमिका

चौथी जोखीम कायद्याची. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अल-बरकात या सोमालियातील सर्वांत मोठ्या हवाला कंपनीचे व्यवहार दहशतवाद्यांना पैसा पुरवल्याच्या संशयावरून बंद पाडले. हजारो कुटुंबांचा घरखर्च त्यावर अवलंबून होता. हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या अभ्यासगटाला पुढे या आरोपाला ठोस आधार आढळला नाही. २०१३ मध्ये ब्रिटनच्या बार्कलेज बँकेने जोखमीचे कारण देत दहाबशील या कंपनीसह अनेक पैसेप्रेषण कंपन्यांची खाती बंद करण्याचे ठरवले. दहाबशीलने न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला आणि २०१४ मध्ये तडजोड झाली. संशय आला की बँका चौकशीच्या भानगडीत न पडता ग्राहकच तोडून टाकतात, हे यातून दिसून आले.

ही कोंडी फोडण्यासाठी सुरक्षा परिषदेने ९ डिसेंबर २०२२ रोजी ठराव क्रमांक २६६४ संमत केला. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांखाली मालमत्ता गोठवली गेली, तरी मानवतावादी मदतीसाठीचे आवश्यक आर्थिक व्यवहार त्यातून वगळले जावेत, असा त्याचा आशय होता. १५ पैकी १४ सदस्यांनी बाजूने मतदान केले. भारत एकमेव तटस्थ राहिला. परिषदेचे अध्यक्षपद त्या महिन्यात भारताकडेच होते. आपल्या शेजारात बंदी घातलेल्या दहशतवादी संघटनांनी निर्बंध चुकवण्यासाठी धर्मादाय संस्थांचा मुखवटा धारण केल्याचे अनुभव आहेत, याकडे भारताच्या तत्कालीन स्थायी प्रतिनिधी रुचिरा कंबोज यांनी लक्ष वेधले आणि अशा सवलतीचा गैरवापर होणार नाही, याची खबरदारी घेण्याची मागणी केली.

भारताची चिंता निराधार नव्हती. ज्या देशाने दहशतवादाची झळ सोसली आहे, त्याला ‘विश्वासू मध्यस्थ’ हे शब्द सहज स्वीकारता येत नाहीत. त्याचवेळी ठरावाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या देशांसमोर २०११ मधील सोमालिया होता. दोन्ही भूमिकांमागे खरे मृत्यू आहेत. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर सवलत द्यावी की नाही, एवढ्यावर संपत नाही. सवलतीखाली गेलेल्या पैशावर नजर कशी ठेवावी, हा त्याचा पुढचा आणि अवघड भाग आहे.

जोखीम वाटून घेण्याचे मार्ग

अनुभवातून काही पद्धती रूढ झाल्या आहेत. पहिली म्हणजे कामांची विभागणी. लाभार्थ्यांची यादी तयार करणारा, पैसे देणारा आणि नंतर तपासणी करणारा, हे तिघे वेगळे असावेत. छावणीचा मुकादम यादीही करतो आणि वाटपालाही उभा राहतो, तेथे गैरव्यवहाराला वेगळे निमंत्रण लागत नाही.

दुसरी म्हणजे तोट्याची जबाबदारी आधीच लेखी ठरवणे. सोमालियातील काही कार्यक्रमांत हवाला कंपनीने प्रथम स्वतःच्या भांडवलातून रक्कम वाटायची आणि पुरावा सादर केल्यावर संस्थेने ती भरून द्यायची, असा करार होता. वाटेतील लुटीचा भार त्यामुळे पेढीवर राही आणि तिला मिळणाऱ्या दलालीत त्याचा मोबदला धरलेला असे. स्वयंसेवकाला मात्र दलाली मिळत नाही. त्याच्या हातून पैसे लुटले गेले, तर ते त्याच्याकडून वसूल केले जाणार नाहीत, याची हमी संस्थेने द्यायला हवी. रक्कम लहान हप्त्यांत आणि एकापेक्षा अधिक मार्गांनी पाठवली, तर एका माणसावरील नजरही कमी होते.

तिसरी म्हणजे वाटपानंतरची चौकशी. पैसे मिळाले का, एवढे विचारून भागत नाही. त्यातील किती हाती राहिले, कोणाला द्यावे लागले आणि नोटा करून घेताना किती कापले गेले, हे विचारावे लागते. प्रश्न विचारणारा मुकादमाचा माणूस नसावा, तक्रार नोंदवण्यासाठी लाभार्थ्याच्या भाषेत फोनसेवा असावी आणि तक्रार करणाऱ्याचे नाव बाहेर फुटू नये. तक्रार आल्यावर संपूर्ण छावणीची मदत तोडली गेली, तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही.

चौथी पद्धत माहिती जपण्याची. यादीत नाव, कुळ, पत्ता, बोटांचे ठसे अशी जितकी माहिती भरावी, तितकी ती चुकीच्या हाती पडण्याची भीती वाढते. देणगीदाराला हिशेबासाठी सर्व काही हवे असते. लाभार्थ्याच्या जिवासाठी कमीत कमी माहिती पुरेशी असते. या दोहोंत तोल साधणे हेही जोखीम व्यवस्थापनच आहे.

यांपैकी कोणताही उपाय मदतीतील गळती शून्यावर आणणार नाही. युद्धक्षेत्रात सशस्त्र माणसाचा वाटा पूर्णपणे चुकवता येईल, असे आश्वासन कोणतीही संस्था प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. तसे आश्वासन मागणारे देणगीदार संस्थांना खरे नुकसान लपवण्यास भाग पाडतात. किती गळती सहन करता येईल आणि कोणत्या टप्प्यावर थांबायचे, हे आधी उघडपणे ठरवले, तर संकटाच्या ऐन वेळी घाईने पाय मागे घेण्याची पाळी येत नाही.

मध्यस्थांशिवाय युद्धग्रस्तांपर्यंत पोहोचण्याचा दुसरा रस्ता आज बहुतेक ठिकाणी उपलब्ध नाही. त्यांच्यावर विश्वास टाकणे ही संस्थांची निवड नसून गरज आहे. जो पैसा पाठवतो, त्याच्याजवळ त्यातील धोका पेलण्याची साधने असतात. खार्तुममधील स्वयंसेवक आणि मोगादिशूच्या छावणीतील विधवा यांच्याजवळ ती नसतात. देणगीदार आणि संस्था त्यांच्या वाट्याचा धोका किती प्रमाणात आपल्याकडे घेतात, यावरच या व्यवस्थेचे मोजमाप व्हायला हवे.